सशावर इंजिन, कासवावर चाकं

आमच्या ह्यांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास आहे. एक ग्रीस आणि दुसरा संशय. नोकरीची सगळी वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. निवृत्त होताना शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं; संशय त्यांनी स्वतःच घरी आणला. "चालतंय की!" म्हणणारा माणूस ह्यांच्या लेखी दरोडेखोराहून वाईट. गॅसच्या नळीवरची तारीख, कुकरची रिंग, माझ्या स्कूटरचे ब्रेक, शेजाऱ्यांच्या गीझरचं वायरिंग, काही म्हणता काही सुटत नाही. सोसायटीच्या लिफ्टपाशी आधी कान देऊन उभे राहतात, मान हलवतात आणि जिन्याने चार मजले चढून येतात. लिफ्टचा आवाज येत नसेल त्या दिवशीही जिन्यानेच येतात, कारण "आज आवाज आला नाही, म्हणजे नक्की काहीतरी आहे."

अशा माणसाशी संसार केला की बाईच्या मनात एकच आशा उरते. ह्यांच्या संशयाला पुरून उरेल असं काहीतरी ह्यांना सापडावं आणि आपल्या कुकरची सुटका व्हावी. माझ्या कुकरची सुटका अमेरिकेत झाली. ओहायो राज्यात, कोलंबस शहराबाहेरच्या एका वसाहतीत, चिरंजीवांच्या गॅरेजमध्ये.

चिरंजीवांनी तिथे घर घेतलं त्याच्याभोवती जवळपास एक एकर जागा. आम्ही एप्रिलमध्ये पोचलो. व्हिसावर येणारे आईबाप बर्फ वितळल्यावर येतात आणि पुन्हा पडायच्या आत परततात, अशी तिथल्या मराठी घरांतली रीतच आहे. हे मागच्या दारात हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि नजरेनेच मोजणी केली.

"चाळीस गुंठे. काय लावलंय?"

"गवत."

"ते दिसतंय. घालतोस कुणाला?"

"कुणाला नाही, बाबा. कापतो."

"कापून?"

"परत वाढतं. परत कापतो."

ह्यांचं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळात गुरांच्या छावणीत चाऱ्याची पेंढी मोजून मिळते, असा तो मुलूख. चाळीस गुंठे हिरवंगार, कोवळं, गुडघ्याला लागायच्या आतलं गवत, आणि तोंड लावायला एक शेळी नाही, हे पाहून ह्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. मी चिरंजीवांची बाजू घ्यायला म्हणून म्हटलं, इथे सगळेच असं करतात. ते खरंच निघालं. २००५ मध्ये क्रिस्टिना मिलेसी नावाच्या संशोधक बाईंनी उपग्रहाची चित्रं वापरून हिशेब मांडला होता, तो चिरंजीवांनी दाखवला. अमेरिकेतली हिरवळ सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन-पंचमांशाहून थोडी जास्तच. तिथे ओलिताखाली जेवढा मका आहे त्याच्या तिप्पट. "म्हणजे ह्यांचं सगळ्यात मोठं बागायती पीक हे," हे म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या देशाबद्दल त्यांच्या मनात प्रथमच काळजी उत्पन्न झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार वर गेलं आणि काळजी मावळली.

आत ते यंत्र होतं. वर बसून चालवायचं. पुढे बॉनेट, मधे स्टीअरिंग, मागे खुर्ची, पोटाखाली बेचाळीस इंची डेक आणि त्यात दोन पाती. तिथले लोक त्याला राइडिंग मोअर म्हणतात. ह्यांनी पहिल्या मिनिटापासून 'गाडी' म्हटलं. गाडी लाल होती. एसटीचा लाल नव्हे, जरा भडक. पण तिला बघून ह्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो मी नंतर आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधून पाहिला. नाही तिथे.

चिरंजीव संगणकावर काम करणारे. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलंसुद्धा नव्हतं. ह्यांनी ते काढलं आणि पेन्सिलने खुणा करत दोन रात्री जागून संपवलं. पहिली कितीतरी पानं नुसत्या धोक्याच्या सूचना. हात कापला जाईल, पाय कापला जाईल, गाडी उलटेल, पेट घेईल, दगड उडेल, मूल मागून येईल. ह्यांना इतका समविचारी लेखक आयुष्यात भेटला नव्हता.

पुस्तकातलं सर्वांत आवडलेलं प्रकरण खुर्चीचं. खुर्चीखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद. ब्रेकवर पाय नसेल तर गाडी सुरू होत नाही. पाती जोडलेली राहिली असतील तरी होत नाही. पाती फिरवत मागे घ्यायला गेलात तर बहुतेक गाड्या तिथल्या तिथे मान टाकतात. मागे जाताना कापायचंच असेल तर आणखी एक किल्ली किंवा बटण वापरून आपण शुद्धीवर असल्याची कबुली द्यावी लागते. "याला म्हणतात डिझाइन," हे भारावून म्हणाले. "माणसावर शून्य विश्वास!"

मग परीक्षा. चिरंजीवांना खुर्चीत बसवलं, गाडी मोकळ्या जागी उभी केली, पाती सुरू करायला लावली आणि हे निवृत्तीचं घड्याळ हातात घेऊन दूर उभे राहिले. "ऊठ!" म्हणताच चिरंजीव नुसते ढुंगण उचलून बसले, इंजिन बंद पडलं आणि हे सेकंद मोजू लागले. बसून चालवायच्या गाड्यांसाठी अमेरिकेत जे मानक आहे त्यात पाती पाच सेकंदांच्या आत थांबावी लागतात. हातांनी ढकलायच्या यंत्रांना तर १९८२ पासून सरकारी नियमच आहे, दांडा सोडल्यापासून तीन सेकंद. आमची गाडी वेळेत थांबली. ह्यांची थोडी निराशा झाली.

"पण सेकंद कशाला मोजायचे, बाबा?" सूनबाईंनी विचारलं. बिचारीला ठाऊक नव्हतं की आमच्या घरात असे प्रश्न विचारायचे नसतात. ह्यांनी कागद घेतला. पात्याच्या टोकाच्या वेगाला तिथे मर्यादा आहे, मिनिटाला १९,००० फूट. गुणाकार-भागाकार होऊन ताशी ३४७ किलोमीटर आले. "म्हणजे पुणे-सातारा वीस मिनिटांत," हे म्हणाले. "घाटासकट. तेवढ्या वेगाचं लोखंड बुडाखाली घेऊन बसायचं, आणि ह्या शहाण्यांनी शेजारी काय दिलंय बघ! सरबताचा पेला ठेवायला खळगा." त्या खळग्यात त्यांनी ग्रीसची डबी ठेवली. ती अजून तिथेच आहे.

स्टीअरिंगशेजारी इंजिनाचा वेग वाढवायची दांडी होती, आणि तिच्या वरच्या टोकाला ससा, खालच्या टोकाला कासव अशी चित्रं. आमच्या सहा वर्षांच्या नातवाचा त्यावर लगेच निवाडा: "आबा, कासवच लावा. कासव जिंकतं." ह्यांनाही ते पटलं असतं, पण पुस्तक वेगळं सांगत होतं. कापताना दांडी सशावरच हवी. पात्यांना वेग मिळाला नाही तर गवत कापलं जात नाही, नुसतं लोळतं. शिवाय इंजिन थंड ठेवणारा पंखाही इंजिनाच्याच वेगाने फिरतो. सावकाश जायचं ते चाकांनी. पायाखालचा पेडल हलका दाबायचा, माणूस रमतगमत चालेल इतपत. इंजिन सशावर, चाकं कासवावर. नातू फार खट्टू झाला.

"मग शर्यत कोण जिंकलं?"

"सगळी बोटं घेऊन घरी आला तो," आबा म्हणाले.

बोटांचा विषय आमच्याकडे हसण्यावारी जात नाही. गावाला ह्यांच्या थोरल्या चुलत्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. कडबा अडकला होता आणि तो मोकळा करायला त्यांनी हात घातला, इतकंच. मोअरच्या डेकखाली ओल्या गवताचा गोळा बसतो तेव्हा हात नेमका तसाच पुढे जातो. म्हणून ह्यांचा क्रम ठरलेला: पाती सोडायची, ब्रेक लावायचा, इंजिन बंद, किल्ली काढून शर्टाच्या खिशात, सगळं थांबलेलं डोळ्यांनी पाहायचं, प्लगची वायर उपसून बाजूला करायची, आणि मग काठीने गवत काढायचं. हाताने नाहीच. प्लगची वायर कशाला, इंजिन तर बंद आहे, असं चिरंजीवांनी एकदा विचारलं. पातं हाताने फिरवलं तर पट्ट्यातून इंजिनही फिरू शकतं आणि एखादा ठिणगीचा फेरा पुरतो, हे उत्तर मिळालं. त्यासोबत चुलत्यांची गोष्टही पुन्हा मिळाली.

हे पहाटे पाचला उठतात, तिथेही उठायचे. पण गवतावर दहापर्यंत दव. ओल्या गवतावर चाकं घसरतात, कापलेलं गवत गोळे होऊन पडतं, म्हणून थांबणं आलं. गंमत अशी की पूर्वी इंग्लंडात ह्याच्या उलट होतं. बड्या लोकांची हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्याने कापणारे मजूर मुद्दाम दवात कामाला लागायचे, कारण ओलं गवत त्या पात्याला चांगलं सापडतं. मग ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहिलं आणि १८३० मध्ये तसलंच यंत्र गवतासाठी काढून पेटंट घेतलं. त्या पेटंटात त्याने चक्क लिहून ठेवलं आहे की हे यंत्र स्वतः चालवण्यात गावाकडच्या सद्गृहस्थांची करमणूक होईल आणि व्यायामही होईल. व्यायामाचा भाग पुढे इंजिनाने खाल्ला. करमणुकीबद्दल मात्र मी साक्ष देऊ शकते.

पाच ते दहा ह्यांनी काय करायचं? गस्त घालायची. हातात बादली, नजर खाली, चाळीस गुंठे ओळीने. पात्याखाली आलेला दगड म्हणजे सुटलेली गोळी, हे पुस्तकातलं वाक्य ह्यांना पाठ. बादलीत काय काय आलं! गारगोट्या, नातवाची हरवलेली मोटार, पाण्याच्या नळीची पितळी तोटी, तंबूचा खिळा, शेजारच्या कुत्र्याने पुरून ठेवलेलं हाड, गेल्या वर्षीचे काळ्या कवचाचे अक्रोड. एका कोपऱ्यात जमिनीतून गांधीलमाश्या ये-जा करताना दिसल्या. तिथे ह्यांनी चार काठ्या रोवून दोरी बांधली, दोरीला सूनबाईंची लाल ओढणी लावली. सूनबाईंना ती ओढणी हवी होती. गांधीलमाश्यांना विचारून घ्या, म्हणाले.

आता उताराचं प्रकरण. मागच्या अंगाला पावसाचं पाणी साठवायचं वसाहतीचं तळं आहे आणि आमची हिरवळ त्याच्या काठापर्यंत उतरत जाते. बसून चालवायच्या गाडीला पंधरा अंशांहून जास्त उतार वर्ज्य. उतार असलाच तर सरळ वर, सरळ खाली. आडवं जायचं नाही, आडवी गाडी उलटते. (ढकलायच्या यंत्राला बरोबर उलटा नियम: आडवं चालायचं, म्हणजे पाय घसरला तर यंत्र अंगावर येत नाही आणि पाय यंत्राखाली जात नाही.) पंधरा अंश म्हणजे शंभर फुटांत सत्तावीस फूट. हे चिरंजीवांच्या फोनमध्ये मोजता येत होतं, पण फोनवर ह्यांचा विश्वास नाही. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मधल्या भोकातून दोरा ओवला, दोऱ्याच्या टोकाला नट बांधला आणि त्या ओळंब्याने तळ्याचा सगळा काठ मोजला. एकोणीस निघाले. काही ठिकाणी बावीस. ह्यांनी तळ्यापासून बरंच अलीकडे चुन्याची रेघ मारली. रेघेपलीकडे गाडी जाणार नाही. काठावरची माती पाण्याने आतून पोखरलेली असते, वरून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे.

रेघेपलीकडे गवत वाढू लागलं. तिथे घरमालकांच्या संघाची समिती असते आणि गवत ठरावीक इंचांवर गेलं की तिचं पत्र येतं. आलं. चिरंजीव घाबरले. हे खूश झाले, कारण नोकरी सुटल्यापासून त्यांना कार्यालयीन पत्र आलं नव्हतं. उत्तर स्वतः तयार केलं: संदर्भ, विषय, उताराचे अंश दहा-दहा फुटांवर मोजून केलेला तक्ता, ओळंब्याची आकृती, आणि शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'. चिरंजीवांनी त्याचं इंग्रजी केलं. समितीचे एक गृहस्थ प्रत्यक्ष पाहायला आले. ह्यांनी त्यांच्या हातात कोनमापक दिला, त्यांनी डोळा मिटून पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिथलं गवत उंच राहू द्यावं, काठ धरून ठेवायला ते बरंच, असं पत्र आलं. ते पत्र आता पुण्यात आमच्या दिवाणखान्यात आहे, फ्रेम करून.

चुन्याची रेघ आणखी एका माणसासाठी होती, तो आमचा नातू. तिथे आजोबा लोक नातवंडांना मांडीवर बसवून गाडीची फेरी मारून आणतात. चांगली माणसं, प्रेमाने करतात. आमच्या नातवाने समोरच्या घरी ते पाहिलं आणि आबांकडे हट्ट धरला. आबा नाही म्हणाले. तो रडला, जमिनीवर लोळला, जेवणार नाही म्हणाला. मी म्हटलं, अहो, एकच फेरी मारा, इंजिन कासवावर. त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

नंतर समजावून सांगितलं, मला, एकटीला. मूल मांडीवरून पडेल ही भीती आहेच. पण खरी गोष्ट पुढची आहे. एकदा फेरी मारली की त्याच्या डोक्यात हे खेळणं होतं. मग कुठल्यातरी दिवशी आवाज ऐकून ते घरातून पळत येतं, मागून येतं, आणि चालवणाऱ्याच्या कानांवर टोप्या असतात. तो गाडी मागे घेत असतो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वयं ठरवून दिली आहेत: ढकलायचं यंत्र बाराच्या आत नाही, बसायचं सोळाच्या आत नाही, आणि मांडीवर तर कधीच नाही. एवढं बोलून हे हात धुवायला गेले.

तेव्हापासून कापण्याच्या वेळी माझी नेमणूक झाली. गाडी सुरू व्हायच्या आधी नातू आत, मी त्याच्याजवळ, दाराला वरची कडी, आणि मी खिडकीतून हात वर केला की मगच किल्ली फिरणार. एसटीत कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तसा हा माझा डबल बेल. मी पोळ्यांचं पीठ मळत असले तरी पिठाचा हात वर.

कानांवरच्या टोप्यांचं सांगायचं राहिलं. इंजिनाच्या आवाजाने कान जातात म्हणून ह्यांनी जाड गाद्यांच्या टोप्या घेतल्या. फार आवडल्या. गाडी बंद केल्यावरही कानांवर असायच्या, मग जेवायला येईपर्यंत असायच्या, आणि मी बाजारहाटाची यादी सांगायला लागले की कुठूनतरी पुन्हा यायच्या.

समोर एक निवृत्त स्कूलबस-ड्रायव्हर राहायचे. त्यांची गाडी महागातली, स्टीअरिंग नसलेली, दोन दांड्यांनी जागच्या जागी गर्रकन वळणारी. ह्यांना तिचा मोह होता आणि म्हणूनच संशयही. एका दुपारी ते गृहस्थ कापत होते आणि त्यांच्यामागे गवत कापलं न जाता नुसतं केस विंचरल्यासारखं झोपत होतं. ह्यांनी रस्ता ओलांडला. भाषेची अडचण आली नाही. दोघांनी गाडी बंद केली, वायर काढली, पुढची बाजू उचलून टेकू दिले, खाली डोकावले, आणि ह्यांनी तळहात उलटा करून दाखवला. पातं उलटं बसवलेलं! पात्याच्या मागच्या कडेला वर वळवलेला पंख असतो, त्याने वारा उठतो आणि गवत उभं राहतं. तो पंख डेकच्या दिशेला, वर हवा. धार लावून आणल्यावर भाच्याने घाईत बसवलं होतं. म्हातारे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

त्या दिवसापासून मैत्री. ह्यांनी त्यांना पातं खिळ्यावर तोलायला शिकवलं: मधल्या भोकात खिळा, आणि जी बाजू खाली जाईल तिकडून थोडं घासायचं, नाहीतर गाडीला थरथर सुटते आणि बेअरिंग जातं. धारही वस्तऱ्यासारखी नको, लोणी कापायच्या सुरीइतकी पुरे. त्यांनी ह्यांना आपल्या गाडीची मागची लोखंडी कमान दाखवली. गाडी उलटली तर माणूस तिच्याखाली चिरडू नये म्हणून ती असते. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच. कमान आडवी पाडली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण मग तोच पट्टा माणसाला गाडीखाली धरून ठेवतो. हे ऐकून आमच्याकडे रात्री जेवताना शांतता होती. इतका चोख तर्क ह्यांनी फार दिवसांत ऐकला नव्हता.

त्याच म्हाताऱ्यांकडून जॉर्ज जोन्सची गोष्ट कळली. हा तिकडचा कंट्री संगीतातला फार मोठा गायक, आणि पिणाराही तेवढाच मोठा. १९६०च्या दशकात बायकोने त्याच्या सगळ्या मोटारींच्या किल्ल्या लपवून ठेवल्या. घरापासून दारूचं दुकान काही मैलांवर. त्याने खिडकीतून पाहिलं, तर अंगणात मोअर उभा आणि किल्ली त्यालाच लावलेली. बसला आणि गेला, ताशी आठेक किलोमीटरने. हे सगळं त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे. मला त्या बायकोचं वाईट वाटलं. ह्यांना एवढंच वाटलं की किल्ली गाडीला ठेवतात का कधी?

चिरंजीवांनी मग एका शनिवारी आम्हाला सिनेमा दाखवला, १९९९चा, डेव्हिड लिंच यांचा, 'द स्ट्रेट स्टोरी'. खरी घडलेली हकिकत. आयोवामधल्या लॉरेन्स गावचा ॲल्विन स्ट्रेट, वय ७३, दृष्टी अधू म्हणून मोटारीचा परवाना नाही. भावाला पक्षाघाताचा झटका आलेला, आणि तो विस्कॉन्सिनमध्ये, २४० मैलांवर. १९९४ मध्ये हा माणूस मोअरला मागे छोटा ट्रेलर जोडून निघाला आणि सहा आठवड्यांनी पोचला. सूनबाई रडल्या, मी रडले. भाऊबंदकीचं काय सांगावं. हे मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. सिनेमात एका मोठ्या उताराला गाडीचा पट्टा जातो आणि म्हातारा सुसाट खाली येतो; तिथे हे उभेच राहिले. "निघताना पट्टा बघितला नाही! अडीचशे मैल निघालाय आणि पट्टा बघितला नाही!" शेवटी भाऊ भेटले तेव्हा हे स्वयंपाकघरात बॅटरी शोधत होते. गॅरेजमध्ये जाऊन आमचा पट्टा पाहून आले, मग झोपले.

इंग्लंडात १९७३ पासून मोअरच्या शर्यतीही होतात, पाती काढून ठेवून. चिरंजीवांनी त्याची चित्रफीत लावली. ह्यांनी ती अर्ध्यावर बंद करायला सांगितली.

देखभालीची वही पडली, अर्थात. आडव्या रेघा, उभे रकाने. गाडीला तास मोजायचं यंत्र असतं, त्यामुळे ह्यांना किलोमीटरची उणीव भासली नाही. पंचवीस तासांना हवेचा फिल्टर आणि पात्याची धार. पन्नास तासांना ऑईल. टायरची हवा दर खेपेला, कारण एका बाजूला कमी असली की गवत तिरकं कापलं जातं आणि दोष पात्याला मिळतो. गवताची उंची तीन इंच, आणि एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त छाटायचं नाही. पेट्रोल इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, डबा जमिनीवर ठेवून. सर्वांत मोठं भांडण पेट्रोलवरून झालं. तिथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरायला लागतो. चिरंजीवांकडे गेल्या सालचा अर्धा डबा शिल्लक होता. ह्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "हे तू तुझ्या मोटारीत घालशील का?" "नाही." "मग हिने काय पाप केलंय?"

ऑक्टोबरात दसरा आला. खंडेनवमीला दापोडीत हत्यारांची पूजा व्हायची ती इथे गॅरेजमध्ये झाली: टॉर्क रेंच, ग्रीसगन, कोनमापक आणि गाडी. मोसमाचं शेवटचं कापून झालेलंच होतं, त्यामुळे पूजा आणि थंडीची बांधणी एकाच दिवशी. डेक खरवडून कोरडा केला, टाकी भरून पेट्रोल टिकायचं औषध घातलं आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावं म्हणून इंजिन थोडा वेळ दारात चालवलं, ऑईल बदललं, बॅटरी काढून फळीवर ठेवली, हिवाळ्यात उंदीर घर करू नयेत म्हणून बॉनेटखालचा काडीकचरा वेचला. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. समोरचे म्हातारे पेढा खाऊन लिंबाकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, हे कशासाठी? ह्यांनी चिरंजीवांकडून इंग्रजीत सांगवलं की पुस्तकात जे धोके लिहायचे राहिले असतील त्यांच्यासाठी.

आम्ही परतलो. पुढच्या एप्रिलमध्ये चिरंजीवांचा फोन आला. फोन गॅरेजमध्ये टेकवून ठेवला होता, लाल बॉनेट दिसत होतं. पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. ह्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं.

"डावीकडची पुली ओरडतेय. बेअरिंग बघ."

"बाबा, मला तर काही ऐकू येत नाहीये."

"तुला नाही यायचं. बंद कर आधी. किल्ली काढ. कुठे ठेवलीस? दाखव."

चिरंजीवांनी किल्ली खिशातून काढून दाखवली. दोन दिवसांनी खरंच बेअरिंगच गेलेलं निघालं. अर्ध्या पृथ्वीपलीकडून, फोनच्या चिमुकल्या भोकातून, ह्यांना बेअरिंग ऐकू आलं. मी त्या वेळी ह्यांच्या शेजारीच उभी राहून, गॅसवर दूध आहे, उतू जातंय, जरा बघता का, असं तीनदा म्हटलं होतं.